लेहच्या दगडाखालचा पांढरा थर अन् आमच्या बरडातली चुनखड एकच आहे का?

बरडवाला_आष्टी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे पण पूर्ण वाचा ही विनंती.

माझा धाकटा भाऊ फौजेत आहे, सध्या लेहला. मागच्या आठवड्यात त्याचा व्हिडिओ कॉल आला तर मागं सगळा उघडाबोडका डोंगर, झाड नाही झुडूप नाही अन् पायथ्याला नुसते गोटेच गोटे पसरलेले. बोलता बोलता त्यानं एक गोटा उचलून उलटा केला, वरून काळपट तांबूस अन् खालच्या अंगाला पांढरा खरबरीत थर, चुन्यात बुडवून काढल्यासारखा. म्हणला दादा हे बघ, आपल्या बरडातल्यासारखंच. मी तसाच उठून रानात गेलो अन् बांधाच्या कडंचा एक दगड उपसला, तर खरंच खाली तोच पांढरा थर, नखानं खरवडला तर पीठ निघालं. तेव्हापासून डोक्यातून जाईना.

आमचं रान आष्टी तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. दोन्ही बाजूनं माळ अन् मधी बशीसारखं खोलगट. वर वीत दीड वीत मुरमाड माती, नांगरताना फाळ दगडावर खणखणतो, अन् त्याच्या खाली पांढरं. तिथं अडीच एकर मोसंबी लावलीय, ४ वर्षाची झाडं. औंदा कोवळी पानं पिवळी पडायलीत, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात अन् मधलं पान पिवळं धम्मक, काही शेंडे तर पार पांढरट झालेत. माती तपासून आणली, पीएच ८.३, क्षारता ०.३, सेंद्रिय कर्ब ०.४, मुक्त चुना १४ टक्के. चुलते म्हणतात जिप्सम टाक. दुकानदार म्हणला गंधक टाका, गेल्या साली एकरी ४० किलो टाकलं, काही फरक नाही. हिराकस (लोहाचं खत) बुडाला टाकलं तर आठ दिवस बरं वाटलं अन् मग होतं तसंच.

तर तिकडं बर्फाचा मुलूख अन् इकडं ४२ चा पारा, मग माती सारखी कशी? अन् हा चुना रानातून कधी जाईल का नाही, का उगीच पैसा घालायलोय मी?

माती_परभणी

दादा प्रश्न फार छान विचारलात. मी परभणीला कृषी विद्यापीठात मृदशास्त्रात एमेस्सी केली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

लेह आणि आष्टी, दोन्हीकडे गोम एकच, पाणी कमी पडतं. तुमच्याकडे सह्याद्रीनं ढग अडवले, त्यांच्याकडे हिमालयानं. दोन्ही पर्जन्यछायेत. फरक एवढाच की आपल्या डोंगरपट्ट्यात सहाशेच्या आसपास मिलिमीटर पडतो अन् लेहला वर्षाला फक्त १०० च्या आसपास, ती समुद्रसपाटीपासून ३५०० मीटर उंचीवरची थंड वाळवंटी जागा आहे. थंडी उन्हाचा भाग दुय्यम.

आता चुना येतो कुठून. पावसाचं पाणी मातीत उतरतं, मुळं अन् जिवाणू श्वास घेतात त्यातला कार्बन डायऑक्साइड त्या पाण्यात विरघळतो आणि पाणी किंचित आंबट होतं. हे पाणी दगडातला कॅल्शियम सोडवून खाली घेऊन चालतं. कोकणात धो धो पाऊस आहे, तिथं तो कॅल्शियम पार नदीला, समुद्राला जातो, म्हणून तिथली जांभी माती आम्ल. आपल्याकडं पाणी फूट दोन फूट उतरतं अन् तिथंच संपतं, काही मुळं पितात, काही उन्हानं उडतं. पाणी गेलं की विरघळलेला चुना तिथंच बसतो. हे एका वर्षाचं नाही, हजारो वर्षं दर पावसाळ्याला थोडं थोडं चाललंय. म्हणजे तुमच्या रानात पांढरं ज्या खोलीवर लागतं ती साधारण तुमच्या पावसाची पोच आहे असं समजा. हान्स जेनी नावाच्या मृदशास्त्रज्ञानं १९३४ मध्ये अमेरिकेतल्या गवताळ मैदानांवर हेच दाखवलं होतं, जसजसा पाऊस वाढतो तसतसा चुन्याचा थर खोल जातो.

दगडाच्या खालच्याच अंगाला का, तर पाणी गोट्याच्या कडेनं ओघळून खाली जमा होतं, तिथं सावली, थेंब सगळ्यात शेवटी सुकतो, म्हणून चुना तिथं चिकटतो. वरची बाजू पुढच्या पावसात धुऊन निघते. गोटे असलेल्या जमिनीत आधी हा खालचा लेप येतो, मग दोन गोट्यांमधली जागा भरते, अन् शेवटी सगळं मिळून सिमेंट ओतल्यासारखा थर होतो, ज्यातून ना मूळ जातं ना पाणी. अमेरिकेत नेवाडाकडं डोंगररांगा अन् मधी कोरडी खोरी असा मुलूख आहे, तिथं या थराला कॅलिची म्हणतात. थर किती जाड झाला यावरून जमीन किती जुनी याचा अंदाज लावतात.

कॅल्शियमचं मूळ मात्र दोन्हीकडं वेगळं. लेहच्या दक्षिणेला झंस्कारची रांग आहे, तिथं जुन्या समुद्राच्या तळाचे चुनखडक आहेत, शिवाय वाऱ्यानं उडून येणारी धूळ. आपल्याकडं खाली बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. बेसॉल्टमध्ये चुनखडक नसतो, पण त्यातल्या फेल्डस्पार खनिजात कॅल्शियम भरपूर असतो, दगड कुजून मुरूम होतो तसा तो सुटतो. म्हणून काळ्या दगडाच्या पोटातून पांढरी चुनखड निघते. मला स्वतःला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार नवल वाटलं होतं, लहानपणापासून ती चुनखड पायाखाली घेऊन फिरलो आम्ही.

आता गंधक. हिशोब करून बघा. एका एकरात वरची अर्धा फूट माती म्हणजे ढोबळ ९०० टन. तुमचे दगडगोटे वजा करून ५०० टन बारीक माती धरा. तिच्या १४ टक्के म्हणजे ७० टन चुना. एक टन चुना मारायला ३२० किलो गंधक लागतं, म्हणजे एकरी २२ टनांच्या वर गंधक, अन् तेही फक्त अर्ध्या फुटासाठी. तुम्ही टाकलं ४० किलो. त्यामुळं फरक दिसला नाही यात तुमची काही चूक नाही, पण आख्ख्या रानाचा चुना संपवायचा नाद सोडा. चुना आहे तोवर पीएच ८.२, ८.४ च्या आसपासच राहणार, तो बदलू देत नाही.

अन् जिप्सम तर अजिबात नको. चुलत्यांना नीट सांगा, जिप्सम हे चोपणासाठी, जिथं सोडियम जास्त होऊन माती चिकट बनते, पाणी मुरत नाही. जिप्सममध्ये कॅल्शियमच असतो, तुमच्याकडं त्याचीच गर्दी आहे.

अजून एक, रिपोर्टमध्ये गोटे दिसत नाहीत. प्रयोगशाळेत माती २ मिलिमीटरच्या चाळणीनं चाळतात, वर राहिलेलं फेकून देतात, आकडे येतात ते खालच्या बारीक मातीचे. म्हणून माझी विनंती, पावसाच्या आत रानात ३ ठिकाणी कमरेइतका खड्डा घ्या अन् बघा पांढरं कितीवर लागतं, कठीण आहे का भुसभुशीत, मुळं कुठवर गेलीत.

सुभेदार_शिरूरकासार

माझी लेहच्या बाजूला दोनदा पोस्टिंग झाली, आता पेन्शनवर गावी शेती करतो, म्हणून दोन शब्द.

तिकडं डोंगरातून नाला जिथं बाहेर पडतो तिथं गोट्यांचा पंखा पसरलेला असतो, सुपातून धान्य ओतल्यावर पसरतं ना तसा. तोंडाशी म्हशीएवढे धोंडे, खाली येता येता नारळाएवढे, मग सुपारीएवढे, अन् पार खाली सिंधूच्या काठाला बारीक रेती अन् गाळ. तंबूची मेख ठोकायची म्हणजे हात सोलून निघायचे, पहार लागायची. पण गंमत बघा, गावं सगळी त्या पंख्यावरच. वरून वितळलेल्या बर्फाचं पाणी छोट्या पाटानं आणतात अन् बारीक बारीक वाफे करून देतात, गोटे वेचून वेचून कमरेएवढे बांध घातलेले. त्यावर जव, वाटाणा अन् जर्दाळूची झाडं, काय गोड फळ लागतं सांगू. पाट जिथवर गेला तिथवर हिरवं अन् पाटाच्या वर एक बोटभर जागा सोडली की लगेच राखाडी माळ, कात्रीनं कापल्यासारखी रेघ. खत म्हणून माणसाची विष्ठा सुद्धा माती मिसळून कुजवून शेतात टाकतात, घरातच तशी वरच्या मजल्यावर सोय असते. आधी मला कसंतरी वाटलं पण नंतर समजलं, ज्या मातीत पालापाचोळा पडतच नाही तिथं दुसरं खत आणणार कुठून.

अन् एक सांगतो, नदीच्या काठाला सपाटीवर पण पांढरं दिसतं, ते मात्र चुना नाही, ते मीठ. पाणी टाकलं की विरघळतं अन् जिभेला खारट लागतं. दगडाखालचं विरघळत नाही. आपल्याकडं पण जायकवाडीच्या कालव्याखाली काही रानं पांढरी झालीत, ती या मिठाच्या जातीची. बरडवाले दादा, तुमची क्षारता ०.३ आहे म्हणजे तुमचं मीठ नाही, चुनाच.

माती_परभणी

सुभेदार साहेबांनी लाखातलं सांगितलं. घरी ओळखायची सोपी रीत, बाथरूम धुवायचं ॲसिड येतं ते काचेच्या ग्लासात पाण्यात टाकून पातळ करा (पाण्यात ॲसिड टाकायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही, अन् डोळे सांभाळा) अन् ढेकळावर दोन थेंब सोडा. फसफसलं तर चुना. नुसता कान लावून चर्र ऐकू आलं तर थोडा, फेस उसळला तर भरपूर.

मोसंबीवाली_जालना

बरडवाले दादा, मी जालन्याकडची, आमची १४ वर्षांची बाग आहे, सासऱ्यांनी लावलेली, आता सगळं मीच बघते. तुम्ही पानाचं जे वर्णन केलंय ना, शिरा हिरव्या अन् मधलं पिवळं, ते पण कोवळ्या पानावर, ते लोहाचंच. जुनी पानं आधी पिवळी झाली असती तर नत्र म्हटलं असतं. मातीत लोह नाही असं नाही, मुरूम तांबडा आहे म्हणजे लोह आहेच, पण चुन्यामुळं ते झाडाला उचलता येत नाही. म्हणून हिराकस बुडाला टाकलं की चार दिवसात त्याचा गंज होतो अन् पैसे मातीत जातात.

आमच्याकडं दोन गोष्टी लागू पडल्या. नवीन पालवी आली की फवारणी, १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस अन् त्यात २५ ग्रॅम कळीचा चुना भिजवून वस्त्रगाळ करून, नाहीतर पानं भाजतात. झिंक सल्फेट पण तसंच, त्यालाही निम्मा चुना, पण दोन्ही एकत्र करू नका, आठवडाभराचं अंतर ठेवा. अन् ठिबकमधून द्यायचं तर चिलेटेड लोह, म्हणजे चुन्यानं धरून बसू नये म्हणून दुसऱ्या पदार्थात बांधलेलं लोह, पण पुडीवर नीट वाचून घ्या, ईडीटीए लिहिलेलं स्वस्त मिळतं ते आपल्या पीएचला टिकत नाही, ईडीडीएचए लिहिलेलं घ्या, महाग आहे पण तेच चालतं. मला एका दुकानदारानं दोन वर्षं ईडीटीएच दिलं अन् मी आपली झाडं सुधरायची वाट बघत बसले, अजून राग येतो.

तुमची कलमं कशावर बांधलेली आहेत ते नर्सरीवाल्याला विचारा. रंगपूर लिंबाच्या खुंटावर असली तर चुनखडीत बरी तग धरतात, आमची तीच आहेत. युरिया उघड्यावर फेकू नका, असल्या जमिनीत अमोनिया होऊन उडून जातो, मातीआड करा नाहीतर ठिबकनं द्या. सुपर फॉस्फेट पण नुसतं विस्कटू नका, शेणखतात मुरवून आळ्यात एकाच जागी द्या, नाहीतर चुना स्फुरदाला धरून बसतो.

अन् पाणी. मुरमाड रान आठ दिवसांनी भरपूर पाणी दिलं म्हणून खूश होत नाही दादा, ते चाळणी आहे. थोडं थोडं अन् एकाआड एक दिवस द्या.

माती_परभणी

ताईंच्या पाण्याच्या मुद्द्याला आकडा जोडतो. मध्यम माती एक मीटर खोलीत झाडाला उचलता येईल असं साधारण १५० मिलिमीटर पाणी धरते. तुमची माती जास्तीत जास्त दीड फूट धरू, म्हणजे ४५ सेंटिमीटर, त्यात ४० टक्के जागा गोट्यांची धरली तर उरतं फक्त ४० मिलिमीटर. एप्रिल मेमध्ये झाड दिवसाला ५ मिलिमीटरच्या आसपास खेचतं अन् निम्मं संपलं की ताण सुरू होतो. म्हणजे चौथ्या दिवशी झाड तहानलेलं. शेजारच्या मीटरभर खोल काळ्या रानाचं वेळापत्रक तुम्ही वापरलंत तर झाड मरायला टेकणारच. मात्र वरचे गोटे वेचून टाकू नका, ते आच्छादनाचं काम करतात, ऊन मातीला थेट लागू देत नाहीत अन् पावसाचा मार झेलतात.

बरडवाला_आष्टी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल अन् आज मी अन् सालगडी मिळून ३ खड्डे घेतले, सांगतो काय निघालं.

वरच्या अंगाला, माळाकडं, एक फूट चार बोटांवरच टिकाव टणकन वाजला. पांढरा थर, मधी मधी काळे गोटे अडकलेले, पहारीनं कपच्या निघत होत्या. मोसंबीची मुळं त्या थरावर येऊन आडवी वळालेली, अक्षरशः फरशीवर पसरल्यासारखी, एकही मूळ खाली गेलेलं नाही. चार वर्षं झाड त्या फूटभर मातीत कसं जगलं असेल असं वाटून मला लई वाईट वाटलं. मधल्या खड्ड्यात दोन फुटावर पांढरं लागलं पण भुसभुशीत, हातानं चुरगाळतं, मुळं त्यात शिरलेली आहेत. अन् खाली नाल्याकडच्या कोपऱ्यात साडेतीन फुटापर्यंत तांबूस काळी माती, पांढरं नाहीच, थेंब टाकला तर जरासं चर्र झालं फक्त. अन् पिवळेपणा पण असाच आहे, वर सगळ्यात जास्त, खाली एकही झाड पिवळं नाही. मी एवढे दिवस आख्ख्या अडीच एकराला एकच औषध करत होतो. मातीचा नमुना पण मी सगळीकडची माती एकत्र करून दिला होता.

आता विचार असा की वरच्या भागात जेसीबी लावून तो थर फोडून टाकावा अन् तळ्यातला गाळ आणून पसरावा. बरोबर राहील का?

डोंगरी_सीताफळ

जरा थांबा बाबा, जेसीबीची घाई करू नका. आमचं रान अंबाजोगाईच्या घाटाला. आमच्या भावकीत एकानं असंच केलं, जेसीबीनं चार फूट उलथंपालथं केलं अन् खालचा पांढरा सगळा वर आला, वरची जी काय थोडी जिवंत माती होती ती खाली गाडली गेली. दिसायला रान भुसभुशीत झालं पण पुढची दोन वर्षं तूर सुद्धा पिवळी. थर फोडायचाच तर झाडाच्या जागी तेवढा खड्डा, अन् निघालेली पांढरी माती बाजूला काढून बांधावर टाकायची, परत भरायची नाही.

गाळाचं पण तसंच. गाळ चांगला, मी स्वतः टाकलाय, पण आपल्या तळ्यांचा गाळ पण याच डोंगराचा धुऊन आलेला असतो. ट्रॉल्या ठरवायच्या आधी परभणीच्या दादांनी सांगितलेले दोन थेंब त्या गाळावर टाकून बघा, फेस उसळला तर आणू नका.

अन् मनातलं सांगू का, वरच्या त्या पट्ट्यात मोसंबीचा हट्ट सोडा. मोसंबीला खोल अन् कमी चुन्याचं रान लागतं, १० टक्क्यांच्या वर मुक्त चुना गेला की ती रडतेच. तिथं सीताफळ लावा. बालाघाटाच्या खडकात ते आपसूक उगवतं, कुणी पाणी घालत नाही की खत घालत नाही, बीडच्या सीताफळाला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते काय उगीच नाही. आमच्या अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्र आहे, तिथली धारूर ६ ही जात बघा, बालानगर जात पण चांगली. फळ आवळ्याएवढं झाल्यावर पाऊस उघडला तर दोन पाणी लागतं तेवढंच. बोर पण होईल, पण माणसं काट्याला कंटाळतात. सुभेदारांनी सांगितलं ना तिकडं जर्दाळू घेतात म्हणून, ते लोक त्या गोट्यात मोसंबी लावत बसले नाहीत.

मोसंबीवाली_जालना

सीताफळवाल्या काकांचं पटलं. पण दादा लगेच कुऱ्हाड घालू नका. खालचा कोपरा अन् मधला भाग मोसंबीलाच ठेवा. वरच्या झाडांना यंदाचा बहार धरू नका, दोन फवारण्या देऊन बघा, मग ठरवा.

बरडवाला_आष्टी

काका, ताई, ठरलं मग. वरच्या अंगाची साधारण ७० झाडं आहेत, बहार सोडून देतो अन् मधल्या मोकळ्या जागेत पावसाळ्यात सीताफळ लावतो. ती मोठी होतील तशी मोसंबी काढत जाईन. ठिबकचा व्हॉल्व्ह वरच्या अन् खालच्या भागाला वेगळा करतो, आतापर्यंत एकच होता. चुलत्यांना खड्ड्यात उतरवून मुळं दाखवली, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणले जिप्समचं राहू दे.

भावाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणला तिकडं त्यांच्या पोस्टजवळ रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं असाच थर दिसतो, गोट्यांच्या मधनं पांढऱ्या रेघा, फोटो पाठवतो म्हणलाय. आला की इथं टाकतो. खड्डे तसेच ठेवलेत, कुणाला बघायचे असतील तर या.

सुभेदार_शिरूरकासार

येतो रविवारी. तोवर खड्ड्यांवर बाभळीच्या फांद्या टाकून ठेवा दादा, अंधारात जनावर पडतं. आमची एक गाभण शेळी अशीच गेली.